औषध कोणते, ते आधी विचारा



पावसाळा उतरला की चाळीच्या जिन्यात आणि सोसायटीच्या फाटकावर छापील कागद चिकटलेले दिसू लागतात. ‘ढेकूण, झुरळे, वाळवी, उंदीर यांचा कायमचा बंदोबस्त. वास नाही. घर सोडण्याची गरज नाही.’ खाली फक्त एक मोबाइल नंबर. ना पत्ता, ना मालकाचे नाव. आता हीच जाहिरात मोबाइलवरही येते. आपण फोन लावतो. पलीकडचा माणूस विचारतो, “खोली एक की दोन?” आणि तिथल्या तिथे दर सांगतो. संध्याकाळी पाठीला पंप लावलेला एक मुलगा दारात येतो. अर्ध्या तासात काम उरकते, पैसे दिले जातात, मुलगा निघून जातो. आपल्या घरात नेमके काय मारले गेले, हे घरातल्या एकालाही ठाऊक नसते.

भाजीवाल्याकडे आपण काट्यावर डोळा ठेवतो. किराणावाल्याच्या बिलाची बेरीज पुन्हा करून बघतो. मग आपली मुले ज्या जमिनीवर रांगतात, ज्या फळीवर पिठाचा डबा असतो, तिथे फवारले जाणारे काय आहे, एवढे विचारायला आपली जीभ का अडखळते?

त्याचे एक कारण शब्दात आहे. आपण म्हणतो, ‘औषध मारून घेतले.’ औषध म्हटले की मनात भीती राहत नाही. पण ते विष आहे. किड्याला मारणारे विष कमी-अधिक प्रमाणात माणसालाही बाधते. म्हणून विश्वासू पेस्ट कंट्रोलवाला ओळखण्याची पहिली कसोटी अगदी साधी आहे. काम सुरू करण्यापूर्वी जो विषाचे नाव कागदावर लिहून देतो, त्याला घरात घ्यावे. जो ‘कंपनीचे सीक्रेट आहे’, ‘हर्बल आहे’, ‘तुम्हाला कळणार नाही’ असे म्हणतो, त्याला नमस्कार करून दारातूनच परत पाठवावे.

नावाने काय होते, असे कोणी विचारील. नावाने जीव वाचतो. वाळवीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस शरीरात गेले, तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देतात. उंदरासाठीच्या वडीतले ब्रोमाडिओलोन मुलाने खाल्ले, तर त्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि त्यावर व्हिटॅमिन ‘के’ द्यावे लागते. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणाऱ्या वायूवर तर उताराच नाही. तीन विषे, तिघांचे उपचार वेगळे. रात्री दोन वाजता पोराला घेऊन आपण सरकारी दवाखान्यात पोचलो आणि डॉक्टरांनी विचारले, “काय फवारले होते?” तर आपल्याजवळ उत्तर असले पाहिजे. ‘झुरळांचे औषध’ हे उत्तर होत नाही.

या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे. धान्याच्या कोठारात कीड लागू नये म्हणून वापरायच्या या गोळ्या. खेड्यापाड्यांत सेल्फॉस, सल्फास अशा नावांनी त्या सर्वांना माहीत आहेत. हवेतला ओलावा लागला की गोळीतून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन निघतो. त्याला लसणासारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास येतो, पण वास येईपर्यंत थांबणे धोक्याचे असते. घरातल्या ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी या गोळ्या नाहीत. सरकारच्या निर्बंधानुसार सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले यांनीच, मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्या वापरायच्या आहेत. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१ सालीच पूर्ण बंदी आली. तरीही ‘एकदा गोळी ठेवली की ढेकूण साफ’ असे सांगणारे लोक वस्त्यांतून फिरतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईलगतच्या कुंद्रथूर येथे घरात उंदरांसाठी ठेवलेल्या विषामुळे एकाच कुटुंबातील दोन लहान मुले दगावली. आई-वडिलांनाही रुग्णालयात दाखल करावे लागले. ते विष घरच्यांनी नव्हे, बोलावलेल्या पेस्ट कंट्रोलच्या माणसाने ठेवले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात बिबवेवाडी भागात पेस्ट कंट्रोल केलेल्या घरात परतलेल्या पती-पत्नीचा मृत्यू झाला. ही माणसे निष्काळजी होती असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. त्यांनी पैसे मोजून जाणकार म्हणून माणूस बोलावला होता. आपणही तेच करतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कीटकनाशक अधिनियम १९६८ सालचा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे व्यवसाय म्हणून कीटक नियंत्रणाचे काम करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. आपल्या राज्यात तो कृषी विभागाकडून मिळतो. इथे एक गफलत होते. परवाना मागितला की पुष्कळदा गुमास्त्याचा कागद पुढे केला जातो. गुमास्ता म्हणजे दुकान किंवा कचेरी चालवण्याची नोंद. तो कापडाच्या दुकानालाही असतो. त्याने विष फवारण्याचा अधिकार मिळत नाही. जीएसटी क्रमांकाचेही तेच. लहान धंदेवाल्याकडे तो नसू शकतो, त्यावरून तो लबाड ठरत नाही. आणि असला म्हणून तो जाणकार ठरत नाही. आपण कागद मागायचा तो कीटकनाशक कायद्याखालच्या परवान्याचा. त्यावरचे नाव आणि पावतीवरचे नाव एकच आहे का, पत्ता खरा आहे का, एवढे पाहायला वकील लागत नाही. दहावी झालेली मुलगीही ते पाहू शकते. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठीही कायद्याने सोय केलेली आहे, पण ती फारशी कोणाला माहीत नाही. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर तिरका उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष, वर कवटी आणि हाडांचे चित्र. त्याखालोखाल पिवळा. मग निळा. आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नये, तिथेही सावधगिरीची सूचना असतेच. मात्र घरात फवारायला आणलेल्या डब्यावर लाल रंग दिसला, तर काम तिथेच थांबवावे. आजीबाईंनाही हा रंग ओळखता येतो. म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगावे की पंपात भरून आणू नका, सीलबंद डबा आमच्यासमोर उघडा आणि आमच्यासमोरच पाणी मिसळा. साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पांढरे पाणी घेऊन येणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आत घेऊच नये.

काही विषांवर बंदी आलेली आहे, तीही माहीत असावी. डायक्लोरव्हॉस म्हणजे डीडीव्हीपी. नुवान या नावाने ते ओळखले जाई आणि झुरळे-ढेकणांसाठी सर्रास मारले जाई. त्याचा उग्र वास अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८ च्या अधिसूचनेने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. लिंडेनच्या वापरावर २०१३ पासून बंदी आहे. ‘जुना माल आहे, फार जालीम आहे’ असे कोणी कौतुकाने सांगू लागला, तर नेमके हेच असण्याचा संभव असतो. उग्र वास आला म्हणजे काम चांगले झाले, ही समजूत सोडून द्यावी. तसेच वास नाही म्हणजे विष नाही, हेही खरे नव्हे. ‘हर्बल’ म्हणणाऱ्यालाही नाव विचारावे. शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेले पायरेथ्रमसुद्धा कीटकनाशकच आहे आणि माशांना ते फार घातक असते.

चांगला माणूस आणखी एका गोष्टीवरून ओळखू येतो. तो फोनवर दर सांगत नाही. आधी घर बघतो. सिंकखाली वाकून पाहतो, पलंगाच्या फटीत बॅटरी मारतो, मोरीची जाळी उचलून बघतो आणि शेजाऱ्यांकडे त्रास आहे का ते विचारतो. कारण प्रत्येक किड्याची रीत वेगळी असते. सर्वांवर एकच पंप मारणारा एकालाही हटवू शकत नाही.

झुरळांचे घ्या. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात आणि फवारणी त्या कोशाच्या आत पोचत नाही. म्हणून आज झुरळांसाठी जेल वापरतात. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेले जेलचे बारीक ठिपके कपाटाच्या बिजागरीत, फटीत लावतात. झुरळे ते खातात आणि मरतात. यात भांडीकुंडी बाहेर काढावी लागत नाहीत. मात्र जेल लावल्यावर त्यावर बाजारातला स्प्रे मारू नये, नाहीतर झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. ठिपके पुसूही नयेत आणि मुलांचा हात पोचेल तिथे ते लावू देऊ नयेत.

ढेकूण रक्त न पिता कित्येक महिने तग धरतो. त्याची अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. त्यामुळे एका फवारणीत ढेकूण संपवतो असे सांगणारा थाप मारतो आहे. साधारण पंधरा दिवसांनी दुसरी फेरी लागतेच. तिचे पैसे पहिल्याच दरात धरलेले आहेत का, ते लिहून घ्यावे. चादरी, उशांचे अभ्रे कडक पाण्यात धुवावेत. गादी कडक उन्हात घातली तरी शिवणीतले ढेकूण राहतात, म्हणून शिवण नीट तपासावी.

वाळवी जमिनीतून येते. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात, तो तिचा रस्ता. दिसणाऱ्या चौकटीवर रॉकेल किंवा फवारा मारून ती जात नाही. भारतीय मानक आयएस ६३१३ मध्ये बांधलेल्या घरासाठी पद्धत दिलेली आहे. जमीन आणि भिंत मिळतात त्या कडेने सुमारे फूटभर अंतरावर छिद्रे पाडून त्यांत द्रावण सोडायचे आणि छिद्रे बुजवायची. ‘ड्रिल न करता पाच वर्षांची गॅरंटी’ देणाऱ्याला ही पद्धत विचारावी. गॅरंटी म्हणजे काय, तेही विचारावे. पुन्हा वाळवी दिसली तर फुकट येणार का, किती दिवसांत येणार, हे लिहिलेले नसेल, तर ती गॅरंटी तोंडच्या वाफेइतकीच टिकते.

उंदरासाठी पिंजरा आणि चिकटपट्टी आधी, विषाची वडी नंतर. वडी ठेवायचीच असेल, तर ती कुलूपबंद खोक्यात ठेवणाराच माणूस निवडावा. उघड्यावर, पलंगाखाली ठेवलेली रंगीत वडी मुलाला खाऊच वाटते. वस्तीतले, गटारातले उंदीर आणि डास यांसाठी महानगरपालिकेचे खाते असते. मुंबईत विभाग कार्यालयातच कीटकनाशक खाते आहे. तिथे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जे काम आपल्या कराच्या पैशातून व्हायचे, त्यासाठी पुन्हा खिशात हात का घालावा?

आता पंप घेऊन येणाऱ्या मुलाविषयी. तो पुष्कळदा आपल्यासारख्याच वस्तीतला असतो. नाकाला रुमाल, हात उघडे, पायात चपला. दिवसाला पाच-सात घरे तो असाच फवारतो आणि त्याच हातांनी डबा खातो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत कामगाराला संरक्षक कपडे आणि श्वसनासाठी मुखवटा देण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. हातमोजे नाहीत, मुखवटा नाही असा मुलगा आला, तर त्याच्यावर ओरडू नये. मालकाला फोन करून सांगावे की हे साहित्य पाठवा, मगच काम सुरू होईल. काम झाल्यावर त्याला साबण आणि पाणी द्यावे. जो मालक आपल्या कामगाराच्या छातीची काळजी घेत नाही, तो आपल्या लेकराची काय घेणार? स्वस्त दराची किंमत कोणीतरी मोजतच असते. इथे ती तो मुलगा मोजत असतो.

आणखी एक गोष्ट चाळीत आणि वस्तीत राहणाऱ्यांनी तरी विसरू नये. आपली भिंत सामाईक असते. एका खोलीत फवारणी झाली की झुरळे शेजारच्या खोलीत जातात आणि महिन्याभरात परत येतात. विषारी वायूही फटीतून, पाइपाच्या भोकातून पलीकडे जातो. पलीकडे ओली बाळंतीण असेल, दम्याचे म्हातारे असतील, त्यांना कोणी काही सांगितलेलेही नसते. म्हणून हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा मजल्याने किंवा अख्ख्या चाळीने मिळून करावे. महिला मंडळाने पुढाकार घ्यावा. तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रके मागवावीत. दहा घरांचे काम एकदम मिळते म्हटल्यावर दर उतरतो, परवान्याचा कागद मागायला संकोच वाटत नाही आणि किडे इकडून तिकडे पळायलाही जागा राहत नाही. शिवाय एका खोलीच्या घरातल्या माणसांनी त्या दिवशी बसायचे कुठे, हा प्रश्नही सुटतो. समाजमंदिर दिवसभरासाठी उघडून ठेवले, तर मुले आणि म्हातारी माणसे तिथे बसू शकतात.

दरपत्रक मागताना पुढील गोष्टी लिहून मागाव्यात: कोणत्या किड्यासाठी काम, कीटकनाशकाचे नाव व प्रमाण, किती फेऱ्या, किती तास घराबाहेर राहायचे, गॅरंटीची मुदत, परवाना क्रमांक आणि प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाचे नाव. सात ओळींचा हा कागद आहे. प्रामाणिक माणसाला तो लिहायला दहा मिनिटे पुरतात. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. दुसऱ्या फेरीचा हिस्सा दुसऱ्या फेरीनंतर द्यावा.

फवारणीच्या दिवशी अन्न, पिण्याचे पाणी, पाळणा, खेळणी, औषधे बाहेर काढावीत किंवा घट्ट झाकावीत. पिंप आणि हंडा विसरू नये. माशांची पेटी असेल, तर ती हलवावी. डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत आत जाऊ नये. नंतर दारे-खिडक्या उघडून, पंखा लावून हवा खेळू द्यावी, ओटा आणि जमीन पुसावी, मगच मुलांना आत घ्यावे. गरोदर स्त्री, तान्हे मूल, दम्याचा रोगी यांनी ती रात्र नातेवाइकांकडे काढलेली बरी. उरलेले द्रावण ‘ठेवा, पुन्हा लागेल’ म्हणून तो देऊ लागला, तर घेऊ नये. थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले विष पाणी समजून प्यायल्याने माणसे मेलेली आहेत.

इतके करूनही कोणाला मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप, तोंडातून लाळ, चक्कर असे काही झाले, तर त्याला लगेच उघड्या हवेत आणावे. कपड्यांवर द्रावण उडाले असेल, तर ते काढून अंग साबणाने धुवावे. बोटे घालून उलटी काढू नये, दूध-तूप पाजत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि तो सात ओळींचा कागद किंवा डब्याचा फोटो डॉक्टरांच्या हातात द्यावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो दाराच्या मागे लिहून ठेवावा.

फसवणूक झाली तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. बिनपरवाना काम करणाऱ्याची तक्रार कृषी विभागाकडे करावी. मात्र या सर्वाला पावती लागते. ‘पावती नको, शंभर रुपये कमी करा’ असे म्हणणारा ग्राहक तक्रारीचा आपला हक्क शंभर रुपयांना विकतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. रात्री खरकटी भांडी न ठेवणे, ओला कचरा झाकणे, गळका नळ दुरुस्त करणे, मोरीला जाळी लावणे, भिंतीतली भोके सिमेंटने बुजवणे, रद्दीचे गठ्ठे काढून टाकणे, याला फारसा खर्च येत नाही. झुरळाला पाणी मिळाले नाही आणि उंदराला वाट मिळाली नाही, तर निम्मे काम विषावाचून होते. उरलेल्या निम्म्यासाठी माणूस बोलवावा आणि तो दारात आला की पाण्याचा पेला पुढे करून पहिला प्रश्न विचारावा, “दादा, औषध कोणते आणले आहे? नाव लिहून द्या.”